सात काचा फोडणारी भिंत

मी एक जुनी भिंत आहे. दगडाची, दोन फूट जाडीची. मित्रांनो, भिंत म्हटली की ती जागची हलत नाही असेच तुम्ही धरून चालता. तिथेच चूक होते. मी हलते. फक्त इतकी सावकाश, की माझ्या कडेला बसून आयुष्य काढणाऱ्या माणसालाही ते कळत नाही.

दगडी भिंत आतून कशी असते, ते आधी सांगते. तिला दोन तोंडे असतात, दोन बाजूंना एकेक. मधल्या जागेत लहान गोटे आणि चुना भरतात. मात्र दर दोन-तीन थरांनंतर, मधे मधे अंतर सोडून, एकेक लांब दगड आरपार घालावा लागतो. तो दोन्ही तोंडांना धरून ठेवतो. हे आरपार दगड नसले तर ती एक भिंत नसतेच. एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या त्या दोन बारीक भिंती असतात.

ज्या मिस्त्रींनी मला बांधायला घेतले, ते हाताचे चोख होते. कमरेइतके काम त्यांनी स्वतः केले. मग ते तापाने आजारी पडले आणि काम त्यांच्या मेहुण्याच्या हाती आले.

"लांब दगड घडवत बसलो तर वर्ष जाईल," मेहुणा म्हणाला. "गिलावा झाल्यावर आत कोण डोकावतंय?"

त्याने आरपार दगडाच्या जागी दोन्ही बाजूंनी एकेक आखूड दगड घातला आणि मधे गोटे भरले. बाहेरून काही फरक दिसत नव्हता. मिस्त्री बरे होऊन आले, त्यांनी वरून ओळंबा सोडला, दोरी खालपर्यंत नीट उतरली. "शाबास, सरळ आहे!" म्हणून त्यांनी मला थोपटले. त्या शाबासकीने मला जितकी लाज वाटली, तितकी नंतर कधीही वाटली नाही.

पुढे कित्येक वर्षे माझ्या आतल्या बाजूच्या दुमजली खोलीत आणि बाहेरच्या, रस्त्याकडच्या बैठ्या पडवीत पुस्तकबांधणीचा कारखाना चालला. त्या दोन्हींमधले दार माझ्यातच होते. त्या दारालगतच्या टेबलावर सगळ्यांत जुनी कामगार बसे. खळ तिच्याइतकी एकसारखी कुणाला शिजवता येत नसे, म्हणून कारखान्यातल्या सगळ्या बायका तिला खळमावशी म्हणत. फाटकी जुनी पुस्तके तिच्याकडेच येत. पाठीवरची चिठ्ठी गेलेली असली तर ती नवी चिठ्ठी लावी आणि तिच्यावर जुनेच अक्षर, जुनीच तारीख अशी उतरवी की पुस्तकाच्या मालकालाही ओळखू येऊ नये. "होतं तसंच दिसलं पाहिजे," हा तिचा नियम होता. उन्हाळ्यात ती माझ्याशी पाठ टेकून बसे. "ही भिंत आहे म्हणून थंडावा आहे," असे म्हणे. माझे कौतुक करणारी तीच एक होती.

मग खाली ओल येऊ लागली, म्हणून कारखान्याच्या मालकांनी कागदाचे सगळे गठ्ठे वरच्या मजल्यावर नेले. कागद दिसतो हलका, पण रचलेला कागद लाकडापेक्षाही जड भरतो. वरच्या तुळयांची टोके माझ्या एकाच तोंडावर, आतल्या बाजूच्या तोंडावर टेकलेली होती. ते सगळे ओझे त्याच्यावर आले. दुसरे तोंड मदतीला येऊ शकत नव्हते, कारण त्यांना जोडणारे काही नव्हतेच. आतले तोंड हळूहळू फुगू लागले. दाराच्या कडेला, जिथे माझी जाडी दिसते, तिथे गिलाव्यात केसाएवढी उभी रेघ उमटली. मित्रांनो, मला बोलता येत नाही. ती रेघ हेच माझे बोलणे होते.

"भिंतीला पोट सुटलंय, मालक," एक कामगार बाई म्हणाली.

"वय झालं तिचं. मला नाही सुटलं?" मालक म्हणाले, आणि सगळ्या हसल्या.

पण दार लागेना, तेव्हा मालकांनी इंजिनिअरबाईंना बोलावले. बाई मोजके बोलणाऱ्या होत्या. त्यांनी रेघेवर आडवी अशी काचेची पातळ पट्टी घट्ट बसवली आणि तिच्यावर तारीख घातली. "भिंत हलली तर काच तडकेल. तडकली की लगेच कळवा. नाहीतर महिन्याने मी येतेच," त्यांनी मालकांना सांगितले. मालक तेव्हा फोनवर होते. फोन ठेवून ते खळमावशीला एवढेच म्हणाले, "मावशी, या काचेवर लक्ष ठेवा. तिला काही होता कामा नये."

पंचवीस दिवसांनी काच तडकली.

"अगंबाई! मालक ओरडतील आता," मावशी पुटपुटली. काच हाच माझ्यावरचा उपाय आहे, असे तिला वाटत होते. तिने एका जुन्या तसबिरीच्या काचेतून तेवढीच पट्टी कापली, सरसाने पक्की चिकटवली आणि तिच्यावर जुनीच तारीख, बाईंच्याच अक्षरात उतरवली. होते तसेच दिसले.

बाई आल्या. काच अखंड होती. त्यांनी वहीत लिहिले, 'हालचाल नाही.' मी एकच शब्द बोलले होते, तोही पुसला गेला होता.

मी पुन्हा बोलले. पुन्हा नवी काच आली.

"मावशी, भिंतीचे फारच लाड चाललेत!" शेजारी पुस्तके शिवणारी म्हणाली.

"तू सासूचे करतेस का एवढे? मग गप शिव."

माझ्या आत गोटे खाली सरकत होते. सरकलेला गोटा पाचरीसारखा बसतो आणि दोन्ही तोंडांना आणखी दूर ढकलतो. रोज खळमावशीची पाठ मला टेकत होती, आणि मी तिला दूर सारू शकत नव्हते.

तिसऱ्या महिन्यात बाई आल्या. त्या 'हालचाल नाही' लिहू लागल्या, तेवढ्यात मावशी म्हणाली, "बाई, राग मानू नका, पण तुमची काच फारच कच्ची हो. सात वेळा बदलली मी."

बाईंचे पेन थांबले. "सात वेळा?"

"आत्ता आहे ती आठवी. कालच लावली."

"कधी कधी तुटली, आठवतं?"

मावशीला तारखा आठवत नव्हत्या, पण कामे आठवत होती. वह्यांच्या कामात पहिली, शब्दकोशाला दुसरी. मालकांनी कामाची वही काढली आणि बाईंनी दिवस मोजले. दोन तड्यांमधले अंतर तेवीस दिवस, मग सोळा, अकरा, सात, चार, दोन.

"सगळ्या बाहेर चला," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "सामान राहू दे. आत्ताच्या आत्ता."

रस्त्यावर मावशीचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे मी इतके दिवस..."

"तुम्हाला मी स्वतः सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "आता एक काम कराल? वरच्या तुळयांना टेकू लावायला तीन माणसं आत जातील. ती काच तुमच्याइतकी कुणी पाहिलेली नाही. पडवीच्या बाहेरच्या दारातून तिच्यावर नजर ठेवा. तडकली तर हात लावू नका. ओरडा."

दुपारी तिसरा टेकू उभा राहत होता, तेव्हा टक् असा बारीक आवाज झाला.

"बाहेर! टाका ते, बाहेर या!" मावशी ओरडली. तिचा इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"माझी हातोडी राहिली..."

"मसणात गेली तुझी हातोडी! ये बाहेर!"

तिसरा माणूस उंबऱ्याबाहेर पडला आणि माझे आतले तोंड कोसळले. तुळया खाली आल्या, कागदाचे गठ्ठे आले. तिचे टेबल कुठे होते, ते धूळ बसल्यावरही दिसले नाही. मावशी रस्त्यावर माणसे मोजत होती. सगळी भरली, तरी तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

मित्रांनो, तडा दिसला की तो बुजवायची घाई करू नका. तो कधीचा आहे, किती वाढला, ते आधी लिहा. आणि कुणाला पहाऱ्यावर बसवाल, तर पहारा कशावर आणि कशासाठी, हे त्याला नीट सांगा.

माझे बाहेरचे तोंड अजून उभे आहे, एकटेच. पुढच्या आठवड्यात ते एकेक दगड करून उतरवणार आहेत. तोपर्यंत या रस्त्याने जाताना कितीही ऊन असले, तरी माझ्या सावलीत थांबू नका.