पातळ केलेला नमुना

पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं बाईंचा शब्द शेवटचा होता. आणि आता जो तो नुकत्याच कामाला लागलेल्या मुलीच्या, सगळे तिला 'नवी'च म्हणत, यंत्रापाशी घुटमळत होता!

केसासारख्या बारीक नळीतून विजेच्या जोरावर पाण्यातली द्रव्यं वेगळी काढणारं ते यंत्र. तणनाशकाचा अगदी बारीक अंश बाईंना त्यावर कधी दिसला नव्हता. नवीनं एवढंच केलं, नमुन्यात नेहमीचं क्षारांचं द्रावण मिसळणं बंद केलं. क्षार नसल्यानं तणनाशकाचे कण नळीच्या तोंडाशी दाटीवाटीनं गोळा झाले आणि पडद्यावरच्या सपाट रेषेवर चक्क टोक उभं राहिलं.

"इतकी वर्षं हे कुणाला कसं सुचलं नाही?" साहेब म्हणाले. बाईंच्या पोटात जे दुखलं, त्यावर गोळी मिळत नाही.

म्हणून वसाहतीच्या कूपनलिकेचं पाणी आलं, तेव्हा बाई गप्प राहिल्या. ते पाणी मुळातच खारट. त्यात कण गोळा होणार नाहीत, हे त्यांना कळत होतं, नवीला नाही. पडू दे तोंडघशी!

रेषा सपाट आली. नवीनं अहवालात लिहिलं, 'आढळले नाही.'

"झालं का गं?" बाटल्या धुणाऱ्या मावशींनी विचारलं. "आमच्याच वसाहतीचं ना ते पाणी? सून विचारत होती, बाळाची दुधाची पावडर त्या पाण्यात कालवू का?"

"खुशाल कालवा, मावशी."

बाई चहा ठेवून पुढे आल्या. "थांबा! नका कालवू!" मग नवीकडे न बघताच म्हणाल्या, "शुद्ध पाणी घालून दहापट पातळ कर. पुन्हा लाव."

"पातळ केल्यावर आणखीच कमी दिसेल ना, बाई?"

"खारटपणा मोडतो त्यानं. कर म्हणते ना!"

टोक आलं. चांगलं ठसठशीत.

"तुम्हाला आधीच माहीत होतं?" नवीनं हळूच विचारलं.

"होतं," बाई म्हणाल्या. "तुझं हसं व्हावं म्हणून बोलले नाही."

मावशींनी ओले हात पदराला पुसले. "बाई, तुमचा राग हिच्यावर. मग पाणी माझ्या नातवाला का पाजत होतात?"

बाईंनी फोन उचलला आणि कूपनलिका बंद करायला सांगितलं. मग खुर्ची ओढून नवीच्या शेजारी बसल्या. "लिही. कुठलं पाणी किती खारट, सगळं सांगते."

हेवा गेला का? छे! साहेबांनी पुन्हा नवीचं कौतुक केलं, तेव्हा तो होताच जागेवर. पण मंडळी, हेवा आपल्यापुरता ठेवता येतो. त्याच्यापायी दडवलेल्या माहितीची किंमत मात्र भलत्याच घरातलं लेकरू मोजतं. जळायचं तर जळावं, पण आधी सांगून टाकावं!