सर्जेरावांच्या घरची हॉकीची सतरंजी

मित्रांनो, माझ्यावर बसलात तर मी थोडी टोचेन. आता वय झाले. मी सतरंजी आहे, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेली. राहते टेंभुर्णीत, सर्जेरावांच्या घरी.

माझा जन्म हातमागावर झाला. विणणाऱ्या बाईने धाग्यावर धागा ठोकून मला घट्ट केले, म्हणून इतकी वर्षे टिकले. केशरबाईंनी, म्हणजे सर्जेरावांच्या पत्नीने, मला जाफराबादच्या बाजारातून आणले ते मुलीच्या, सुमेधाच्या, नामकरणासाठी. त्या दिवशी माझ्यावर तीस माणसे बसली. पुढे घरात टीव्ही आला आणि माझे खरे काम सुरू झाले.

सर्जेराव एसटीत वाहक होते. त्यांचे मित्र धर्मराज मागच्या गल्लीतले शेतकरी. गावात क्रिकेटचे वेडे पुष्कळ, पण हे दोघे हॉकीवाले. लहानपणी बाभळीची वाकडी फांदी तोडून ते नदीच्या वाळूत हॉकी खेळायचे. भारताचा सामना असला की धर्मराज पत्नीला, पुष्पाबाईंना, घेऊन यायचे आणि टीव्हीसमोर मला अंथरले जायचे.

मला टीव्हीतले काही दिसत नाही, पण बसणाऱ्यांचे वजन कळते. भारत मागे पडला की सगळे पुढे सरकतात. गोल झाला की सगळे एकदम उठतात आणि मी क्षणभर हलकी होते.

या घरात एक विचित्र रीत पडली. एकदा केशरबाई चहा ठेवायला आत गेल्या आणि भारताने गोल केला. त्या बाहेर येऊन बसल्या, तर समोरच्यांनी केला. पुन्हा आत गेल्या, पुन्हा आपला झाला. बस्स, धर्मराजांनी ठरवून टाकले की वहिनी आत असल्या की गोल होतो. तेव्हापासून आपल्याला गोल हवा असला की ते म्हणायचे, "वहिनी, जल्दी आत जा. पाचच मिनिटं राह्यलेत."

"आत्ताच टेकले ना मी, भाऊजी!"

"देशासाठी उठा."

"मंग देशाला साखर कमी टाकू का जास्त?" असे म्हणत केशरबाई हसत उठायच्या.

सर्जेरावही त्यात सामील असायचे. वीस वर्षे असे चालले. मित्रांनो, त्या बाईने आपला एकही गोल होताना पाहिला नाही. ओरडा ऐकला की त्या हात पुसत धावत यायच्या आणि विचारायच्या, "कोणी मारला?" टीव्हीवर पुन्हा दाखवतात, तेवढेच त्यांच्या वाट्याला येई.

२०२१ च्या साथीत, एप्रिलमध्ये, केशरबाई गेल्या. दवाखान्यातून घरी आल्याच नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला मोजकी माणसे माझ्यावर लांब लांब बसली. माणसे परत गेल्यावर सर्जेरावांनी मला गुंडाळले, नाड्याने बांधले आणि माळ्यावर टाकले. टीव्हीची वायरही काढून ठेवली.

माळ्यावर मला खालचे सगळे ऐकू यायचे. म्हणजे ऐकण्यासारखे फार नव्हतेच. धर्मराज रोज येऊन ओट्यावर बसायचे. सर्जेराव बोलायचे नाहीत. मग धर्मराज दोन दिवसांआड येऊ लागले, मग आठवड्यातून एकदा. सुमेधा जालन्याला शिक्षिका, पण शाळा बंद असल्याने वडिलांजवळ राहिली होती. तिने एकदा टीव्ही लावू का म्हणून विचारले. सर्जेराव म्हणाले, "तुझ्या मायला आपण एक गोल बघू दिला न्हाई. ते डबडं पुन्हा लावू नको."

भाकरी अर्धी टाकून ते उठायचे. आईच्या मागोमाग बाबाही जातील, ही भीती सुमेधा फोनवर पुष्पाबाईंना सांगायची. तेव्हा तिचा आवाज फार बारीक यायचा.

ऑगस्टमध्ये ऑलिम्पिकचे सामने चालू होते. पाच तारखेला सकाळी सातला हॉकीच्या कांस्यपदकासाठी जर्मनीशी गाठ होती. ऑलिम्पिकमध्ये आपल्याला हॉकीचे पदक मिळून एक्केचाळीस वर्षे झाली होती. साडेसहालाच धर्मराज दारात उभे राहिले.

"सर्ज्या, आमच्याकडची डीपी जळाली. लाइट न्हाई. तुझ्याकडं बघावं म्हणलं."

"बघा तुम्ही. मी न्हाई बसणार."

एवढ्यात मागून पुष्पाबाई आल्या. "अहो, निघताना पंखा बंद केला का तुम्ही?"

सुमेधा तोंडावर हात धरून हसली. सर्जेरावांनी मित्राकडे नुसते पाहिले. त्यांनी नाही म्हणायच्या आत सुमेधाने टीव्हीची वायर जोडली आणि मला माळ्यावरून ओढले. मी उलगडले तशी धूळ उडाली. कोपरा कुरतडलेला पाहून मलाच लाज वाटली.

"तुम्ही बसा. मी चहा ठेवतो," असे म्हणून सर्जेराव आत गेले.

सामना सुरू होताच जर्मनीने गोल केला. मग आपला एक झाला. त्यानंतर लगोलग त्यांचे आणखी दोन. तीन-एक. तिघेही माझ्या कडेपर्यंत सरकले. आणि आपला दुसरा गोल झाला! सगळे उठले. थोड्याच वेळात तिसरा! धर्मराज आनंदाच्या भरात ओरडले, "सर्ज्या, बाहेर येऊ नको! तिथंच थांब!"

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. आतला स्टोव्ह बंद झाल्याचा आवाज आला.

मध्यंतर झाले. सर्जेराव चहा न घेताच बाहेर आले. ते म्हणाले, "आतून नुसता ओरडा ऐकू येतो रे, धर्मा. बाकी काहीच कळत न्हाई. वीस वर्षं ती असंच ऐकत राह्यली."

धर्मराजांनी सरकून जागा केली.

"मला बसायचंय," सर्जेराव म्हणाले. "हारलो तर हारलो."

"बस. हारू दे."

चार महिन्यांनी ते माझ्यावर बसले, ठीक मध्यभागी. किती हलके झाले होते! खेळ पुन्हा सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटाला गोल झाला. आपला! सर्जेराव उठलेच नाहीत, त्यांना खरे वाटेना. तीन मिनिटांनी पुन्हा आपलाच. पाच-तीन! या वेळी ते सगळ्यांच्या आधी उठले.

धर्मराज मात्र बसूनच होते. डोळे पुसत म्हणाले, "वहिनीचं काहीच नव्हतं रे. त्या बसल्या असत्या तरी गोल झालेच असते. मी उगाच उठवत राह्यलो त्यांना."

"एकटा तू न्हाई. मी बी."

शेवटच्या भागात जर्मनीचा चौथा गोल झाला. पाच-चार. आणि अगदी शेवटी, सहा-सात सेकंद उरले असताना, त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. हा गोल झाला असता तर आपली आघाडी गेली असती. भीतीने पुष्पाबाई उठल्या. "मी आत जाते. माझ्यानं बघवत न्हाई, आणि कोण जाणे, मी गेल्यानं..."

सर्जेरावांनी हात आडवा केला. "वहिनी, बसा. या घरात आता कोणी उठून जायचं न्हाई. जे होईल ते सगळे मिळून बघू."

पुष्पाबाई बसल्या. चौघे इतके जवळ सरकले की चौघांचे वजन मला एकाच जागी जाणवले. फटका बसला, आणि आपल्या गोलरक्षकाने तो अडवला!

मित्रांनो, मी लग्ने पाहिली, नामकरणे पाहिली, पण तसा आनंद पाहिला नाही. धर्मराज आणि सर्जेराव गळ्यात गळा घालून माझ्यावर नाचले. पुष्पाबाई सारख्या म्हणत होत्या, "मी बघितलं! समोर बघितलं!" सर्जेराव मोठ्याने रडले, मोठ्याने हसले आणि सुमेधाला म्हणाले, "बाळा, भूक लागली मला."

ते ऐकून सुमेधाही रडली. मग बापलेकीने मला ओट्यावर नेऊन उन्हात अंथरले. येणाऱ्या-जाणाऱ्याला बसवून गूळ वाटला.

आता या घरात चहा सामन्याच्या आधीच होतो, आणि तो सर्जेराव करतात. थर्मास भरून मध्ये ठेवतात. तीन वर्षांनी पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये पुन्हा पदक मिळाले तेव्हा माझ्यावर अकरा जण होते. शिवण उसवली माझी. सुमेधाने दुसऱ्या दिवशी शिवून दिली.

तर मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरातल्या सतरंजीला गुंडाळून ठेवू नका, तिला अधूनमधून ऊन दाखवा. दुःख झाले तरी ती अंथरा आणि शेजाऱ्याला हाक मारा. आणि सामना सुरू होण्याआधी स्वयंपाकघरात डोकावून बघा. तिथे कोणी असेल, तर आधी त्यांना बाहेर आणून बसवा.