मुका ह

एका सोमवारी, फ्रेंचच्या तासाला, आमचे हे ऐकू येईनासे झाले. दिसत होते. बाकाच्या टोकाला बसून टाळ्या वाजवत होते, पण त्यांच्या टाळीला आवाज नव्हता.

नाशिकला कॉलेज रोडवर निमकर बाई हा वर्ग घेतात. फ्रान्समध्ये वाढणाऱ्या नातीशी बोलता यावं म्हणून आम्ही दोघांनी नाव घातलं होतं. बाई क्रियापदं चालवून घ्यायच्या आणि उच्चाराच्या दर तुकड्याला एक टाळी. ‘ते बोलतात’ म्हणजे ‘ईल पार्ल’. फळ्यावर ‘पार्ल’च्या शेवटी आणखी तीन अक्षरं होती. ती लिहायची, म्हणायची नाहीत, असं बाईंनी सांगितलं आणि त्याच क्षणी ह्यांचा आवाज गेला.

घरी ह्यांच्या हातून पातेलं पडलं, तेही मुकाट पडलं. हे मात्र दिवसभर बोलत होते. मी ओठांकडे बघत पोळ्या लाटल्या.

पुढच्या तासाला बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, टोकाला बसणाऱ्यांचं होतं असं. शेजारी स्वर आला की बोलतील. प्रश्न विचारताना ‘पार्ल’च्या मागून ‘ईल’ चिकटलं की ‘पार्लतील’ होतं, न म्हटलेल्या अक्षरांतला शेवटचा मुका ‘त’ जागा होतो.

वरच्या मजल्यावरच्या इंदुताई साबुदाणा परत द्यायला आल्या आणि ह्यांना खेटून उभ्या राहिल्या.

“आमटीत मीठ नाही,” हे म्हणाले.

इंदुताई बाजूला सरकल्या तसा आवाज थांबला. मग त्या रोज जेवणानंतर यायला लागल्या. सोफ्यावर ह्यांना चिकटून बसायच्या. सुरुवातीला हे माझ्याशी बोलायचे. हळूहळू तोंड तिकडे वळलं. एकदा मी चहा घेऊन गेले तर हे त्यांना आपल्या आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत होते. मी ते कधी ऐकलेलं नव्हतं. इंदुताई गेल्यावर मी ह्यांना तशीच चिकटून बसून पाहिलं. माझ्या नावानं काही होत नव्हतं.

मी एकटी बाईंकडे गेले.

“हेमांगी, फ्रेंचमध्ये ह म्हणत नाहीत,” त्या म्हणाल्या. “सोडलात तर तुमचंही नाव स्वरानं सुरू होईल.”

“परत मिळतो?”

“मागायला अजून कुणी आलेलं नाही.”

मी तो तिथेच सोडला. थोडा श्वास गेला, एवढंच. रिक्षावाल्यानं मीटरनं चालेल का विचारलं. मी ‘ओ’ म्हटलं.

घरी इंदुताई बसलेल्या होत्या. मी दोघांच्या मधे जाऊन बसले.

“एमांगी,” हे म्हणाले. आवाज अगदी कानाशी होता, आणि मला आठवत होता त्यापेक्षा म्हातारा. “त्या सोमवारपासून तुला एकच सांगायचंय. मला भीती वाटतेय. हात दे.”

माझ्याकडे ह नव्हता. मी पदर बाजूला केला. मनगटावर बांगड्या होत्या आणि बांगड्यांच्या पुढे नुसतं ‘आत’ होतं. अरुंद, नुकतंच सारवलेलं, लांबवर उजेड.

ह्यांनी चष्मा काढून इंदुताईंकडे दिला, वाकले, आणि उजवं पाऊल आत टाकलं.