बायोडाट्यावरचा नंबर

ती जिथे कामाला होती ती कवळ्या आणि दात बनवणारी लॅब बंद पडली, तेव्हा ती चाळिशी ओलांडत होती. भावाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून तिने लग्नानंतर वर्षभरातच केलेला जुना बायोडाटा उघडला. भाची शेजारी येऊन बसली आणि तिने आत्याला फैलावर घेतलं.

"आत्या, हा फोटो आधी काढ. लग्नातला आहे हा!"

"चांगला आलाय म्हणून ठेवला गं."

"आणि 'मी मनमिळाऊ व कष्टाळू आहे' हे कशाला? सगळे हेच लिहितात. तू काय करतेस ते लिही."

मग तिने लिहिलं. मेणाचा साचा, पोर्सिलेनचे थर, नव्या दाताचा रंग शेजारच्या दाताशी जुळवणं. तीन पानांचं एक झालं. शुद्धलेखन दोघींनी डोळ्यांत तेल घालून तपासलं. नावाखालच्या नंबरकडे मात्र कुणाचंच लक्ष गेलं नाही. तो तिच्या नवऱ्याचा होता. त्या काळी दोघांत एकच मोबाइल होता. आता त्यांचा घटस्फोट होऊनही काही वर्षं लोटली होती.

बायोडाटा बऱ्याच ठिकाणी गेला. उत्तर कुठूनच आलं नाही. आपल्याला आता कोण विचारतंय, असं ती वहिनीला म्हणू लागली.

एका संध्याकाळी तिचा आधीचा नवरा दारात उभा राहिला. चष्म्याच्या दुकानातून, कामावरून थेट आला होता. भावाने दार अर्धंच उघडलं. ती जिन्यात आली.

"तुझ्या बायोडाट्यावर माझा नंबर आहे," तो म्हणाला.

तिला आधी काही उमगलं नाही. मग दोघांतला तो जुना मोबाइल आठवला.

"फोन आले?"

"तीन."

"काय सांगितलंस?"

"पहिल्या दोघांना राँग नंबर म्हणालो. डोकं फिरलं होतं. तिसऱ्या बाई म्हणाल्या, आपलं काम इतकं नेमकं कुणी लिहीत नाही. मग खोटं बोलवेना. ती उद्या सकाळी फोन करेल म्हटलं." त्याने त्या बाईंच्या नंबरची चिठ्ठी पुढे केली.

"त्या दोन जागा?"

"भरल्या असतील."

"आणि हे तू मला तोंडावर सांगतोयस."

"सांगितलं नसतं तरी चाललं असतं," तो म्हणाला आणि जिना उतरला.

सकाळी तिने त्या बाईंना फोन करून आधी स्वतःचा नंबर दिला. त्यांनी काम करून दाखवायला बोलावलं. तिने समोरचा एक दात बनवला, त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिला आणि कामावर कधी येता, असं विचारलं. लॅब लांब होती, दोन बस बदलाव्या लागत.

"त्याला फोन करून आभार तरी माना, ताई," वहिनी म्हणाली.

"दोनदा तोंडचा घास काढलाय त्याने."

"तिसऱ्यांदा दिला ना?"

फोन तिने केला नाही.