मिचमिचणारा उजेड

वायरमन विजेच्या खांबावर माकडासारखा सरसर चढायचा, पण दलदलीत पाय टाकायला भ्यायचा. ते तो लपवायचाही नाही. तारेतला करंट कुठून येतो ते मला माहीत असतं, म्हणायचा, तिथला उजेड कुठून येतो ते सांगा, मग येतो.

त्या संध्याकाळी कुणी काही सांगितलं नाही, तरी जावं लागलं. थोरली ताई दारात येऊन उभी राहिली. दाजी सकाळी लव्हाळा कापायला दलदलीत गेले होते, चटया विणून त्यांचं घर चालायचं, आणि अंधार पडला तरी परतले नव्हते. त्यात वरच्या धरणातून पाणी सोडलेलं. दोन-तीन तासांत दलदल भरणार. ताई रडली नाही. तिनं खांबावर चढायचा त्याचा पट्टा खुंटीवरून काढला आणि त्याच्या हातात ठेवला. थोरल्या बहिणीनं हातात दिलेली वस्तू परत खुंटीला कशी लावणार?

दलदलीत उजेड दिसतात हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याला सगळे चकवा म्हणत. उजेड दिसला की आपला उजेड विझवायचा, खाली बसायचं, डोळे मिटायचे. ओळखीच्या आवाजात हाक आली तरी ओ द्यायची नाही. वायरमन आठ वर्षांचा असताना त्याचा काका तिथं नाहीसा झाला. त्या रात्री वडील त्याला घेऊन बांधावर गेले होते. लांब एक उजेड दिसला, एकाच जागी वरखाली होत होता. वडलांनी कंदील विझवला आणि पोराचे डोळे स्वतःच्या हातानं झाकले. काकाला नेला तो यानंच, असं म्हणाले. तो गार तळवा वायरमन अजून विसरला नव्हता.

आता बांधावरून उतरताना त्याच बांधाची माती पायाखाली होती. डोक्यावर उंच लव्हाळा, खाली चिखल. पाय टाकला की चिखल धरून ठेवायचा आणि सोडताना चुकचुकायचा. त्यानं दाजींना हाक मारली. बेडूक एकदम गप्प झाले. ओ आली नाही. पुन्हा मारली, तेव्हा आपलाच आवाज त्याला परका वाटला.

तेवढ्यात समोर उजेड दिसला.

पिवळा, पाण्यालगत, लव्हाळ्यात अडकल्यासारखा. वायरमनची अक्कल पळाली. बॅटरी बंद करून तो मटकन खाली बसला, डोळे घट्ट मिटले. पाणी मांडीला लागलं, मग कमरेला. गार पाणी चढतंय हे कळत होतं, पण डोळे उघडायची छाती होईना. शेवटी ताई आठवली, म्हणून एकच डोळा उघडला.

उजेड मिचमिचला. एकदा, दोनदा. मग अंधार. मग कुणी टपली मारावी तसा पुन्हा लागला.

त्यानं आपली बॅटरी लावली. समोरचा उजेड गेला. त्यानं विझवली. जरा वेळानं समोर पुन्हा मिचमिच, अंधार, टपली, उजेड. तीनदा केलं, तीनदा तसंच. अंगावर काटा उभा राहिला, पण डोक्यात दुसरंच काही हललं. गेल्या आठवड्यात ताईनं दाजींची बॅटरी दुरुस्तीला दिली होती. स्प्रिंग सैल होती. वायरमननं सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घडी करून कोंबला, तात्पुरतं आहे, नवी स्प्रिंग आणतो, म्हणाला आणि विसरला. ती बॅटरी लावली की अशीच दोनदा मिचमिचायची आणि ठोकल्याशिवाय लागायची नाही.

पण चकव्याला माणसाचा आवाज काढता येतो, तर बॅटरीची नक्कल का येणार नाही? या विचारानं तो पुन्हा बसणारच होता. बसला नाही. बॅटरी लावून उजेड विझला होता त्या दिशेनं गेला.

दाजी छातीपर्यंत रुतले होते. हनुवटी वर, विझलेली बॅटरी डोक्यावर धरलेली, डोळे आवळलेले. वायरमननं जवळ जाऊन हळूच दाजी म्हटलं. ते दगडासारखे गप्प. खांद्याला हात लावला तशी ओठातल्या ओठात पुटपुटले, "मी बघत नाही. मी बघणार नाही."

"दाजी, तुमच्या बॅटरीत सिगारेटचा कागद कुणी घातला?"

दाजींनी बॅटरी खाली घेऊन तिचं झाकण बोटांनी चाचपलं.

"मेव्हण्या," दाजी म्हणाले, डोळे अजून मिटलेलेच, "स्प्रिंग आणलीस का?"

पट्टा त्यांच्या काखेतून घालून, दाजींनी कापून ठेवलेल्या लव्हाळ्याच्या मोळ्यांवर पालथा पडून, वायरमननं त्यांना ओढून काढलं. एक बूट चिखलानं ठेवून घेतला. बांधावर चढेपर्यंत दोघांची धुसफूस चालली होती. दाजी म्हणाले, तुझा उजेड आला की मी विझवायचो, तुझी हाक ऐकली तेव्हा तर पक्कं वाटलं की चकवाच आलाय. दोघं हसले. वायरमनचं हसू मधेच थांबलं.

एकाच जागी वरखाली होणारा उजेड. रुतलेल्या माणसानं हात वर करून कंदील हलवला की तो तसाच दिसतो.

तो खाली बसला. गार तळवा पुन्हा डोळ्यांवर आल्यासारखा वाटला. दाजी विचारत होते काय झालं, आणि तो दलदलीकडं बघत राहिला.

त्याच वेळी दलदलीच्या पलीकडच्या अंगाला, भरत्या पाण्यावर, आणखी एक उजेड लागला.

दाजींनी लगेच डोळे मिटले. ताई वाट बघतेय, घरी चल, एवढंच म्हणाले. वायरमनच्या पायात घर गाठण्यापुरतंच बळ होतं. त्यानं बॅटरी वर उचलून हलवली. तिकडचा उजेड पटकन विझला.

माणूस आपला उजेड का विझवतो, ते त्याला आता ठाऊक होतं. तो माणूस नसेल तर आपलं काय होईल, हेही ठाऊक होतं. त्यानं पट्टा कमरेला बांधायला घेतला. बकल तिसऱ्या खेपेला लागलं, तसा तो पुन्हा बांध उतरू लागला.