डावीकडं झुकणारी ॲम्बेसेडर

रावसाहेबांची ॲम्बेसेडर डावीकडं झुकायची, आणि ती पुढं शेजारी बसणाऱ्या मनकर्णाबाईंच्या वजनानं झुकते, हा शोध गॅरेजवाल्या गुरु मेस्त्रीचा. बारा वर्षांपूर्वी त्यानंच ही पुडी सोडली होती. पोस्टातनं रिटायर झालेले रावसाहेब, म्हणजे बाईंचे खुद्द नवरे, तेव्हा पोट धरधरून हसले. मग गॅरेजसमोरच्या चहाच्या टपरीपासून पार सात रस्ता चौकातल्या शिंप्यापर्यंत आणि डॉक्टरांपर्यंत सगळे हसले.

बाई काही हसल्या नाहीत. त्या पुढची सीट सोडून मागं उजव्या कोपऱ्यात जाऊन बसल्या, त्या आजतागायत. गाडी झुकायची ती झुकायचीच. पण एकदा खापर फुटलं की कोण कशाला विचार करतंय!

गेल्या आठवड्यात पुढच्या चाकांतनं खडखड यायला लागली. रविवारी मंगळवेढ्याला बाईंच्या माहेरी जायचं होतं, म्हणून रावसाहेबांनी गाडी गॅरेजला लावली. गुरुनं ती जॅकवर घेतली, चाक वरनं-खालनं धरून हलवलं. चाक ज्यावर वळतं ती किंगपिन ढिली, सांध्यांतल्या बुशांचं रबर बोटानं चुरत होतं. "सगळं पुढचं सस्पेन्शन खोलायला लागतंय की," असं म्हणत त्यानं खुशीत शीळ घालत टॉर्शन बार काढले. हे म्हणजे गाडीखालचे दोन लांब पोलादी दांडे. पीळ खात खात ते गाडीचं तोंड तोलून धरतात. ज्या बाजूचा दांडा त्याच बाजूला लागला पाहिजे, नाहीतर उलट्या पिळानं तो दमतो आणि गाडी बसते. म्हणून काढायच्या आधी छिन्नीनं खूण करायची गुरुची पद्धत होती. डाव्याला एक घाव, उजव्याला दोन. बारा वर्षांपूर्वी हेच दांडे काढतानाही त्यानं ती केली होती.

त्यानं डावीकडनं काढलेला दांडा पुसला. दोन घाव.

शीळ बंद. उजवीकडचा पुसला, तर त्याला एकच. आता काय बोलायचं! बारा वर्षांपूर्वी दांडे बसवताना हा पठ्ठ्या गाडीच्या तोंडासमोर उकिडवा बसून टपरीवाल्याशी गप्पा हाणत होता, आणि आपला डावा हात तीच गाडीची डावी बाजू धरून मोकळा झाला होता. दोन्ही दांडे उलटे पिळले गेले, आणि त्यातला डावीकडचा जास्त दमला. दुसऱ्या कुणी असलं केलं असतं तर गुरुनं त्याची गावभर लाज काढली असती. स्वतःची कशाला काढेल? जुने दांडे भंगारात, नवे बसवायचे आणि तोंड बंद, असं त्यानं ठरवून टाकलं. तीस वर्षांचं नाव होतं, ते मातीत घालायला तो काय खुळा होता?

पुण्याहून नवे दांडे आले. शनिवारी गाडी उभी राहिली ती अगदी सरळ, कुठंही न झुकता. आणि नेमक्या मनकर्णाबाई आल्या, एकट्याच. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"मेस्त्री, आता न्हाय झुकत व्हय?"

"न्हाय बाई. एकदम लेव्हल."

"आणि मी बसले तर?"

गुरुनं पाना पुसायला घेतला.

"खरं सांगा. न्हायतर मी एसटीनं जाते उद्या," बाई म्हणाल्या. "ह्यांनी लई हौसेनं करून घेतलीय. परत माझ्यापायी बिघडायला नको. बारा वर्षं झाली, जेवायला अर्धीच भाकरी घेते मी. तरी झुकायचीच की मेली."

थाप गुरुच्या अगदी ओठांवर होती, पण त्या अर्ध्या भाकरीनं तिचं पार वाटोळं केलं. त्यानं कोपऱ्यातले जुने दांडे ओढून बाईंच्या पुढ्यात टाकले आणि खुणा दाखवल्या. "बाई, तुमचा काय बी संबंध न्हाय. मीच उलटे बसवले. गाढव हाय मी."

बाईंनी खाली वाकून घाव मोजले. दोनदा मोजले. गुरु शिव्यांची वाट बघत मान खाली घालून उभा राहिला.

"उद्या आठला घरी या," बाई म्हणाल्या. "आंघोळ करून."

रविवारी बाई पुढच्या सीटवर, गुरु स्टिअरिंगवर आणि रावसाहेब मागच्या कोपऱ्यात.

"गाडी माझी, आणि मी मागं?"

"सगळ्यात जास्त तुम्हीच हसला होता," बाई म्हणाल्या. "चला मेस्त्री, आधी टपरी."

टपरीवर गुरुनं काच खाली करून खणखणीत आवाजात कबुली दिली. सात रस्त्याला शिंप्याच्या दारात दुसऱ्यांदा. डॉक्टरांच्या घरी तर त्याला उतरून ओरडून सांगावं लागलं, कारण त्यांना ऐकू कमी यायचं. दर वेळी मागनं रावसाहेबांनी "व्हय, खरं हाय," म्हणायचं, हेही बाईंनीच ठरवलेलं.

गाव मागं पडलं, दोन्ही बाजूंना ज्वारी लागली. बाई समोरच्या काचेकडं वाकून बघत होत्या. "इसरलेच होते मी, हितनं रस्ता किती लांबवर दिसतो!"

गुरुला एकदम भरून आलं. मागनं रावसाहेबांनी हात पुढं करून बाईंच्या खांद्यावर ठेवला, आणि बाईंनी तो राहू दिला.

"डोळे पुसा मेस्त्री, गाडी चालवताय," बाई म्हणाल्या. "आणि घसा पण साफ करून ठेवा. माहेरी माझे चार भाऊ, चार भावजया वाट बघतायत."