रामा रंगाचे काटे

प्रज्वलला लग्न पसंत होतं, मुलगी पसंत होती, मुलीचं गाव, मुलीच्या गावचा तांदूळ, सगळं पसंत होतं. पसंत पडत नव्हते ते फक्त घड्याळाचे काटे. आणि त्या काट्यांपायी साखरपुडा आठ महिने अडकून पडला होता.

त्याचं असं झालं. प्रज्वल हिंगण्याच्या एका कारखान्यात मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करायचा. मेघा धंतोलीच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. ओळख झाली, वाढली, दोन्ही घरी कळली, आणि आश्चर्य म्हणजे दोन्ही घरी कुणी आरडाओरडा केला नाही. सगळं सुरळीत चालू असताना प्रज्वलच्या तोंडून एक वाक्य निसटलं. "साखरपुड्यात अंगठी तं कोणीही देते. मी तुले माया हाताने बनवलेलं घड्याळ देईन. चावीचं."

आतलं यंत्र त्याने तयार मागवलं. डायल स्वतः आखली, मलईच्या रंगाची, बारा बारीक रेघांची. तासाचा आणि मिनिटाचा असे दोनच काटे ठेवले, सेकंदकाट्याला रजा दिली. पोलादाच्या पत्र्यातून काट्यांच्या बारा जोड्या कापून आणल्या. इथवर सगळं दीड महिन्यात झालं. पुढचे साडेसहा महिने तो काट्यांना रंग कोणता आणि फिनिश कोणती द्यायची याचा विचार करत बसला.

चकचकीत पॉलिश केलं, तर मलईच्या डायलवर काटे उजेडात दिसेनासेच व्हायचे. प्रज्वलची आई रुख्माबाई एकदा घड्याळ हातात घेऊन म्हणाली, "काटे कधी बसवशील रे?" ते बसवलेलेच होते. मग त्याने त्यांच्यावर बारीक रेघांची फिनिश दिली, तर ते भाजीच्या किसणीचे वाटू लागले. मॅट केले, तर आजारी दिसले. सोनेरी मुलामा दिला, तर सगळं घड्याळ मंगल कार्यालयातल्या नवरदेवाच्या खुर्चीच्या वळणावर गेलं. दर वेळी तो सगळं खरवडून पुन्हा मूळ पोलादावर यायचा आणि मेघाला सांगायचा, "बस, आता ठरतच आलं."

शेवटी मेघाचे वडील मधुकरराव बोलले. रामटेकजवळ त्यांची धानाची शेती होती आणि रोवणी कधी करायची हे त्यांचं एका सकाळी ठरायचं. त्यांनी फोन केला तो थेट प्रज्वललाच.

"बावा, दोन काट्याचा रंग ज्याले आठ महिन्यात ठरवता येत नाही, तो उद्या लेकरांचं नाव कधी ठेवल? मी रविवारी येऊन राहिलो. घड्याळ तयार असलं तं तिथंच साखर वाटू. नसलं तं उमरेडच्या पाहुण्यांले मी हो म्हणतो. पोरगा चांगला हाय. त्याच्या घरी भिंतीवरचं घड्याळ हाय, तयार."

प्रज्वलच्या तोंडचं पाणी पळालं. तो दिवस मंगळवार होता. मेघा हातची जाईल या कल्पनेने त्याचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि सकाळी त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. ती त्या वेळी त्याला फार हुशारीची वाटली. त्याने मेघाला फोन केला.

"तू बाबांले विचार ना, काट्याचा रंग कोणता आवडल त्याइले. त्याइच्याच पसंतीचा केला तं प्रश्नच मिटला."

मेघाने पुन्हा विचारलं, "बाबांले विचारू?"

"हाव."

"बरं," ती म्हणाली. त्या 'बरं'मध्ये काय काय होतं ते ओळखायला प्रज्वलला फुरसत नव्हती. दुपारी तिचा मेसेज आला. 'बाबा वावरात होते. फोन कटला. पण रंग सांगितला. रामा. दोनदा म्हणाले.'

प्रज्वलचं घर तांडापेठेत, विणकरांच्या वस्तीत. त्याचे वडील शालिकराम यांचा हातमाग बंद होऊन वीस वर्षं झाली होती, तरी रंगाचा विषय निघाला की ते ताठ बसायचे. त्यांनी लगेच निकाल दिला, "रामटेकचा माणूस रामा म्हणते म्हणजे भगवा. गडावरच्या झेंड्याचा."

"काहीतरीच!" रुख्माबाई आतून आली. "रामा म्हणजे रामा. हिरवा नाही, निळा नाही, दोघांच्या मधातला. माया बहिणीच्या लग्नातलं लुगडं."

"म्या चाळीस वर्षं लुगडी विणली वं."

"तुम्ही विणली. नेसली कोण?"

यावर शालिकरामांनी माघार घेतली. रामा म्हणजे साडीतला रामा, हे घरात पक्कं झालं.

आता पोलादाला रंग द्यायचा तर तो फासून द्यायचा नसतो, तापवून काढायचा असतो. पितळेच्या किसावर काटा ठेवायचा, खालून स्पिरिटचा दिवा लावायचा आणि भिंगातून बघत बसायचं. पोलाद आधी गवतासारखं पिवळं होतं, मग तपकिरी, मग वांगी, आणि मग असं निळं होतं की बघणाऱ्याने श्वास रोखावा. बाहेरदेशी मोठमोठे कारागीर तिथे थांबतात. पण मधुकररावांना रामा पाहिजे होता. निळ्याच्या पुढे गेलं की रंग क्षणभर फिकट हिरवट होतो आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत राख होऊन जातो. त्या क्षणात काटा उचलायचा होता.

बुधवारपासून शुक्रवारपर्यंत प्रज्वलने दहा जोड्यांची राख केली, आणि जळालेला काटा खरवडूनही कामाचा राहत नव्हता. ऑफिसात पोट दुखतं म्हणून कळवलं. अकराव्या जोडीचा तासकाटा वांगी झाला तेवढ्यात दवाखान्यातून मेघाचा फोन आला, त्याने दचकून काटा उचलला, आणि एकदा निवलेला काटा पुन्हा तापवला की डाग पडतात, म्हणून तो वांगीच राहिला. मिनिटकाटा मात्र बरोबर रामा उतरला. प्रज्वल खुर्चीवरून उठून नाचला. बाराव्या, म्हणजे शेवटच्या जोडीचा मिनिटकाटा राख झाला, आणि तासकाटा असा काही उतरला की तो रामा आहे की मोरपंखी, यावर घरात पुन्हा दोन पक्ष पडले.

"भांडता काहून?" रुख्माबाई म्हणाली. "इतवारीच्या बाजारात जाऊ अन् मॅचिंग करून पाहू."

साडी घेतली की ब्लाऊजपीससाठी तिचा पदर घेऊन मॅचिंग सेंटरला जायचं, हे रुख्माबाईने आयुष्यभर केलं होतं. काट्यासाठी ते करायला हरकत काय, असा तिचा सरळ विचार होता. वास्तविक प्रज्वल इंजिनियर माणूस. त्याने नाही म्हणायला हवं होतं. पण ठरवणं त्याच्या अंगातच नव्हतं, आणि कुणीतरी ठरवून देतंय याचंच त्याला बरं वाटलं. शनिवारी अकरा वाजता मायलेक हातगाड्या आणि टेम्पो चुकवत इतवारीतल्या केशवच्या मॅचिंग सेंटरमध्ये शिरले. वादातला तासकाटा कागदाच्या पुडीत होता.

"रामा दाखव," रुख्माबाईने फर्मावलं.

केशवने मागे न बघता नऊ तागे काढले. पक्का रामा, कच्चा रामा, हिरवट रामा, फिरोजी रामा. "साडी कुठी हाय काकू?"

रुख्माबाईने पुडी उघडली. केशवने काट्याकडे पाहिलं, मग प्रज्वलकडे पाहिलं, मग पुन्हा काट्याकडे पाहिलं. दुकानदारीत त्याने बरंच काही पाहिलं होतं. "किती लागल?" तो गंभीरपणे म्हणाला. "ऐंशी सेंटी का मीटर?"

रुख्माबाईने चिमट्याने काटा उचलून पक्क्या रामावर ठेवला. तिघेही वाकले. बाजूला फॉल निवडणाऱ्या दोन बायकाही वाकल्या. काटा दिसेना. कापडात रंग इतका मिसळला होता की तो आहे की नाही हेच कळेना.

"जमलं!" रुख्माबाई ओरडली. "काय मॅचिंग झालं वं माय!"

"झालं ना? मंग उजेडात पाहा," केशव म्हणाला, आणि गिऱ्हाइकाला रंग उजेडात दाखवताना तो गेली बावीस वर्षं जे करत आला होता, तेच त्याने केलं. त्याने कापड दोन्ही हातांनी उचललं आणि फटकन झटकलं.

पुढचा दीड तास मॅचिंग सेंटर बंद होतं. सात माणसं गुडघ्यांवर होती. काउंटरखाली एकवीस टाचण्या निघाल्या, सहा हुक निघाले, आणि एका बाईची दिवाळीत हरवलेली नथ सापडली. बाई प्रज्वलला औक्षवंत हो म्हणून गेली. काटा मात्र गेला तो गेलाच.

रविवारी दहा वाजता मधुकरराव मेघाला घेऊन तांडापेठेत उतरले. रुख्माबाईने सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळायला घेतल्या होत्या. त्या वासाने पाहुणे तासभर तरी गुंततील, असा तिचा हिशोब होता. प्रज्वल आतल्या खोलीत, डोळ्याला भिंग लावून बसलेला. त्याच्यासमोर एक रामा मिनिटकाटा होता, एक वांगी तासकाटा होता, आणि दुसरं काहीही नव्हतं. बाहेर मधुकरराव विचारत होते, "तयार हाय का?" मग त्याला जाणवलं की निवडायला काहीच उरलं नाही म्हटल्यावर निवडणं सोपं होतं. त्याने दोन्ही काटे बसवले, चावी भरली आणि घड्याळ घेऊन बाहेर आला.

मधुकररावांनी ते हात लांब करून धरलं. चष्मा शर्टाच्या खिशातच होता.

"दहा वाजून पंचवीस," ते म्हणाले. मग त्यांनाच नवल वाटलं. "अरे! चष्म्याबिगर दिसलं. वांग्याच्या रंगाचा काटा तासाचा, अन् हा... हा कोणता रंग?"

"रामा!" रुख्माबाई झारा घेऊनच बाहेर आली. "तुम्ही सांगतला तोच."

"म्या? म्या कधी सांगतला?"

"बुधवारी, बाबा," मेघा म्हणाली. "फोनवर. दोनदा."

मधुकररावांनी छताकडे बघून बुधवार आठवला. "बुधवारी तं तू काट्याचं काहीतरी विचारून राहिली होती. मोटर चालू होती, नीट ऐकू नाही आलं. मले वाटलं बाभळीच्या काट्याचं विचारते. म्हटलं, हिले बाभळीच्या काट्याचा रंग काहून पाहिजे? तेवढ्यात माया गड्यानं बांधीचं पाणी भलतीकडं सोडलं. मी ओरडलो, रामा! ए रामा!"

शालिकरामांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. ते हसत होते, आणि रुख्माबाईच्या नजरेला भिऊन आवाज न करता हसत होते.

प्रज्वल मात्र हसला नाही. एका गड्याच्या नावावर दहा जोड्या जळाल्या होत्या आणि एक काटा इतवारीच्या धुळीत गेला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या डोक्यात सणक गेली.

"काका, मी हे काटे आता नाही बदलणार," तो म्हणाला. "रामा असो, वांगी असो, तुम्ही उमरेडले हो म्हणा का नका म्हणू. हे घड्याळ झालं. मेघासाठी बनवलं, अन् झालं!"

"आता बोलला," मधुकरराव म्हणाले. "हे एवढंच ऐकाले मी रामटेकहून आलो गा." त्यांनी घड्याळ पुन्हा लांब धरलं. "चांगलं दिसते पण. काहून वं मेघा, तुले हेच रंग पाहिजे होते का?"

सगळ्यांनी मेघाकडे पाहिलं. ती त्या खोलीत आल्यापासून बहुधा पहिल्यांदाच.

"मले कोणी विचारलंच नाही," मेघा म्हणाली.

मग ती बोटं मोजू लागली.

"आठ महिने झाले. हा याच्या आईले विचारून राहिला, याच्या बाबांले विचारून राहिला, तुमाले विचारून राहिला. इतवारीच्या दुकानदारालेही विचारलं. घड्याळ घालणार कोण होतं?"

प्रज्वलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ महिन्यांत त्याने सतरा फिनिश तपासल्या होत्या आणि जिच्या मनगटावर ते जायचं होतं तिला एकदाही विचारलं नव्हतं. "चुकलं मेघा," तो म्हणाला. "खरंच चुकलं. सांग ना, तुले कोणता पाहिजे होता?"

"आता नको विचारू बापा! पुन्हा आठ महिने लागतीन." तिने वडिलांच्या हातातून घड्याळ घेतलं, मनगटावर बांधलं आणि हात उजेडात फिरवून पाहिला. एक काटा वांगी लकाकला, दुसरा रामा. ती हसली नाही, पण तिला हसू आवरावं लागलं हे सगळ्यांना दिसलं.

मधुकरराव खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा चेहरा जरासा पडला होता. "खरं सांगू का पोरी, म्याही नाही विचारलं तुले. तुमचं दोघाइचं कळलं तेव्हा नाही, अन् उमरेडचं स्थळ आलं तेव्हाही नाही. सगळे रंग मीच ठरवून राहिलो होतो." ते तिच्याकडे वळले. "आता विचारतो. हा पोरगा पाहिजे का तुले?"

"पाहिजे," मेघा म्हणाली.

तिला ठरवायला एक सेकंदही लागला नाही. त्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता, त्यामुळे हे अंदाजानेच सांगावं लागतं.